सूत तुटलं की भुतानं खाली बसायचं

"आण्णा, तुमच्या भुतांत एकही पोरगी कशी नाही?"

विचारलं एकदाचं! मागे कुंपणाच्या आड आफरीन आणि गौतमी तोंडं दाबून हसत होत्या. पैज त्यांनीच लावली होती. मी मगदूम आण्णांना हे तोंडावर विचारलं तर दोघी मिळून मला आठवडाभर भडंग खाऊ घालणार, नाही विचारलं तर दिवाळीपर्यंत मी त्यांच्या दप्तरांची हमाल. मी तेव्हा नववीत होते. आठवीपर्यंत हजेरीला 'हजर' म्हटलं तरी माझा आवाज बाईंच्या टेबलापर्यंत पोचायचा नाही. मग मला शाळेच्या कबड्डी संघात घेतलं, आणि 'कबड्डी कबड्डी' करता करता माझा आवाज असा काही सुटला, की घरी बाबा म्हणायला लागले, "सुरभी, जरा बारीक कर की बाई."

आण्णा कठड्यावर बसून शेंगा सोलत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग कुंपणाकडे बघितलं, आणि एक शेंग तोंडात टाकली.

"आजवर कुणी विचारलंच नाही," ते म्हणाले. "तुला व्हायचंय काय भूत?"

हे काही पैजेत नव्हतं.

"व्हायचंय," मी म्हटलं.

हे आण्णा म्हणजे बाबगोंडा मगदूम, आमच्या गल्लीच्या टोकाला राहणारे. इचलकरंजीत आमच्या भागात प्रत्येक चौथ्या घराच्या मागे यंत्रमागाची शेड असते. आण्णांच्या शेडमध्ये एके काळी बारा माग खडखडायचे. वय झालं, पोरगी अमेरिकेला गेली, आण्णांनी अकरा माग विकले आणि एक आठवण म्हणून ठेवला. मग पोरीनं तिकडून फोटो पाठवले. ऑक्टोबरच्या शेवटी तिथले लोक हॅलोवीन म्हणून घरच्या गॅरेजात भुतं उभी करतात, गल्लीतली पोरं रांगा लावून घाबरायला येतात. आण्णांनी फोटो बघितले आणि म्हणाले, "एवढुशा गॅरेजात हे करत्यात? आपली तर अख्खी शेड मोकळी पडलीया."

तेव्हापासून दर दिवाळीच्या सुट्टीत, भाऊबीज झाली की दुसऱ्या दिवसापासून तीन दिवस आण्णांची भुताची शेड भरायची. खिडक्यांना पोती लावली की भर दुपारी आत डोळ्यात बोट घातलं तरी दिसायचं नाही. वेळ दोन ते पाच. आण्णा जैन, दिवस मावळायच्या आत त्यांचं जेवण व्हायलाच पाहिजे, म्हणून आमच्याकडची भुतं उजेड असतानाच घरी जायची. बाहेरगावचे पाहुणे हे ऐकून लोळायचे हसून. आत सहा भुतं, सगळी नववी-दहावीतली पोरं. आण्णा त्यांना शेवटच्या दिवशी एकेक टॉवेल आणि पोटभर जिलेबी द्यायचे. भूत असणं ही आमच्या गल्लीत फार मोठी गोष्ट होती.

सगळ्यात मोठं भूत विश्वजित घोरपडे. दहावीत होता, भूत म्हणून दुसरं वर्ष.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी आण्णांनी भुतांची बैठक बोलावली. मी गेले. पाच पोरं पोत्यांवर बसली होती, सहावा मुलगा गाव सोडून गेला होता, त्याची जागा माझी.

"ही कशाला आलीया?" विश्वजितनं विचारलं.

"भूत हाय ती," आण्णा म्हणाले.

"आण्णा, हिला बघून कोण घाबरणार? मी रोज बघतोय हिला."

"मला पण रोज तुला बघून भीती वाटत नाही," मी म्हटलं. "कीव येते."

पोरं खिंकाळली. विश्वजितचे कान लाल झाले. आण्णांनी शेंगांच्या टरफलांची मूठ भरून त्याच्या अंगावर टाकली आणि भिंतीवरचा फळा दाखवला. त्यावर खडूनं नियम लिहिले होते. शेडमध्ये मेणबत्ती, काडेपेटी, फटाका काही नाही, कारण कोपऱ्याकोपऱ्यात कापसाचा भुगा साठलेला, ठिणगी पडली तर शेड जाईल. मागाला हात लावायचा नाही. विजेच्या बोर्डाला आण्णांशिवाय कुणी शिवायचं नाही. पाचला बंद म्हणजे बंद.

"काही विचारायचं?" आण्णा म्हणाले.

पोरं उठायलाच लागली होती. मी हात वर केला. वर्गात करतात तसा केला, आणि मग वाटलं, हा काय वर्ग आहे? तो खाली घेऊन मी उभीच राहिले.

"हे सगळे नियम शेडचे आहेत," मी म्हटलं. "आत येणाऱ्या पोरांसाठी यात एकही नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे भुतानं कुणाला हात लावायचा नाही. केस, कपडे, काहीच धरायचं नाही. कुणाची वाट अडवायची नाही. आणि आतलं माणूस थांब म्हणालं की थांबायचं."

शेडमध्ये एक मोठा हशा झाला. विश्वजित तर पोत्यावरून खाली घसरला.

"अगं सुरभे, सगळेच थांब थांब ओरडतात! ओरडायलाच येत्यात ती. प्रत्येक वेळी भुतानं काय करायचं, मुखवटा काढून विचारायचं, 'ताई, खरंच थांबू का? सही करा इथं'?"

"मग शाळेतच भरवू की शेड," दुसरा म्हणाला. "प्रार्थना झाली की भूत."

"आणि एवढं काय झालंय?" विश्वजितनं विचारलं. "चार वर्षांत कुणाला काय झालंय काय? सांग की."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझा हात आपोआप मानेमागे गेला. तिथे आता काही नव्हतं. गेल्या दिवाळीनंतर मी केस कापून मानेपर्यंत आणले होते, आईला वाटलं मैत्रिणींचं बघून केलं.

"काही झालं नाही," मी म्हटलं. "पण व्हायच्या आत नियम नको?"

"काय झालंच नाही तर नियम कशाला!"

त्याचं एक म्हणणं मात्र खोटं नव्हतं, आणि तेच मला आधीपासून टोचत होतं. मजेचं ओरडणं आणि खरं ओरडणं अंधारात सारखंच ऐकू येतं. भुतानं ओळखायचं कसं?

आण्णा उठले, त्या उरलेल्या एका मागाजवळ गेले आणि त्याच्या लाकडावर थाप मारली.

"बारा माग चालू असताना या शेडमध्ये माणसाचं ओरडणं माणसाला ऐकू यायचं नाही," ते म्हणाले. "मग बिघडलंय हे मागाला कसं कळायचं रे विश्वजित?"

"सूत तुटलं की माग आपोआप थांबतो."

"हां. ओरडायची गरजच नाही. सूत तुटलं, थांबला. का तुटलं, कुणी तोडलं, माग विचारत बसत नाही."

त्या संध्याकाळी आण्णांनी एक पांढरं सूत शेडच्या दारापासून सगळ्या वळणांतून फिरवून पार दुसऱ्या दारापर्यंत ताणलं, पोरांच्या कंबरेएवढ्या उंचीवर. दाराकडचं टोक खिळ्याला पक्कं बांधलं, दुसऱ्या टोकाला लोखंडी वजन टांगलं आणि त्याच्याखाली विजेचं मोठं बटण बसवलं. आत येणाऱ्यानं ते सूत बोटांत धरून पुढे सरकायचं. नको झालं की एक झटका. सूत तुटणार, वजन बटणावर पडणार, आठच्या आठ ट्यूब लागणार. आम्ही तोडून बघितलं. खट! सगळी शेड एका क्षणात लख्ख, भिंतीवरच्या पाली दिसायला लागल्या.

"आणि सूत तुटलं की भुतानं असेल तिथं खाली बसायचं," मी म्हटलं. "मुखवटा काढून."

"आणि कुणी नाही बसलं तर?" आण्णांनी मला विचारलं. "नियम करतीस तर पुरता कर."

"तर तो त्या वर्षापुरता बाहेर. तिथल्या तिथं. तो कितीही भारी भूत असला तरी."

हे म्हणताना मी कुणाकडे बघत होते ते सगळ्यांना कळलं. विश्वजितनं खांदे उडवले. "लिही बाई. लिही तुझं संविधान."

मी खडू घेतला आणि फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं.

आता माझ्या भुताबद्दल सांगते, कारण ते खरोखरच भारी होतं. मी मुखवटा घेतलाच नाही. शेडच्या शेवटच्या वळणावर वाया गेलेल्या सुताचा ढीग होता, माणसाएवढा. मी त्या ढिगात बसायची. डोक्यावर, तोंडावर, हातांवर सूतच सूत. येणाऱ्यांना वाटायचं कचरा पडलाय. ती जवळ आली, की तो कचरा सावकाश उंच व्हायला लागायचा. हात नाही लावायचा, ओरडायचं नाही, फक्त उंच व्हायचं आणि हळू आवाजात म्हणायचं, "माझं एक सूत कमी आहे."

पहिल्या दिवशी आफरीन आली आणि माझ्यासमोर अशी किंचाळली, की मलाच धडकी भरली. बाहेर जाऊन तिनं सगळ्या रांगेला सांगितलं, "शेवटी सुताची बाई आहे, जपून." संध्याकाळपर्यंत गल्लीभर सुताची बाईच. विश्वजितच्या कवटीच्या मुखवट्याबद्दल कुणी बोलेना!

आणि त्या दिवशी मुली आल्या. आधीच्या वर्षी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, तेही भावाला चिकटून. यंदा आफरीननं शाळेत सांगितलं होतं, की आत सूत आहे, तोडलं की थांबतं. दोनदा तुटलं पहिल्या दिवशी. दोन्ही वेळा दिवे लागले, आम्ही सहाही भुतं झपकन खाली बसलो, पोरं बाहेर गेली, आण्णांनी नवं सूत ताणलं. पाच मिनिटांत पुन्हा अंधार. एक पोरगा तर रडत बाहेर गेला, नाक पुसलं आणि पुन्हा रांगेत लागला.

दुसऱ्या दिवशी रांग गल्लीच्या तोंडापर्यंत गेली होती.

"सुरभे, काल तुझ्या सुतामुळं दोनदा खेळ बंद पडला," विश्वजित कवटी चढवता चढवता म्हणाला. "आज बघू किती वेळा. बाहेर रांग उन्हात तापतीया."

"आज एकदाही नाही पडणार," मी म्हटलं.

का म्हटलं असेन मी असं? सूत न तुटणं हे काही माझ्या हातात नव्हतं. पण दुपारभर माझ्या डोक्यात तेच. तीन वाजले, तुटलं नाही. साडेतीन, तुटलं नाही. माझ्या ढिगाच्या कडेनंच ते सूत जायचं, आणि मी त्यावर दोन बोटं टेकवून ठेवायला शिकले होते. दारात पोरं शिरली की सूत थरथरायचं. थरथर जवळ येत गेली, की मला कळायचं किती जण आहेत, कोण भराभर येतंय, कोण अडखळतंय. आंधळ्या कोळ्यासारखी बसून असायची मी. काय मजा वाटायची त्याची!

चार वाजून गेले असतील. थरथर आली, तिघांची. दोघं पुढे पळत गेली, माझ्यासमोरून किंचाळत दुसऱ्या दारानं बाहेर. तिसरं मागे राहिलं. पावलं पडायची, थांबायची, पडायची. मी वाट बघितली. ती पुढ्यात आली, लहानशी मुलगी, आणि मी उंच व्हायला लागले.

सुताला झटका बसला आणि ते तुटलं.

ते नेमकं माझ्या बोटांच्या अलीकडे, तिच्या बाजूला तुटलं. वजनाकडचं टोक माझ्या दोन बोटांत होतं, आणि ते टोक मी सोडलं नाही.

हे सगळं सांगायला जेवढा वेळ लागतोय त्याच्या दहाव्या हिश्श्यात झालं. माझी आई कांडीवाली आहे, म्हणजे मागाला लागणाऱ्या सुताच्या कांड्या भरते. तुटलेल्या सुताला विणकराची गाठ मारायला मी पाच वर्षांची असताना तिच्या मांडीवर बसून शिकले. डोळे मिटून मारते, दोन सेकंदांत. मी हात पुढे केला, त्या मुलीच्या मुठीतून दुसरं टोक ओढून काढलं, आणि गाठ मारली. वजन तसूभर वर गेलं आणि तसंच लटकत राहिलं. दिवे लागले नाहीत. मग मी पुरती उंच झाले आणि म्हटलं, "माझं एक सूत कमी आहे."

ती जी किंचाळली! बाहेर रांगेतून टाळ्या पडल्या. "सुताची बाई, सुताची बाई!" ती धडपडत भिंतीला घासत बाहेर पळाली.

मी ढिगात खाली बसले. टाळ्या अजून चालूच होत्या. ते ओरडणं मी ओळखत होते. एका वर्षापूर्वी याच शेडमध्ये ते मी ओरडले होते.

पुढचा तासभर पोरं येत गेली, मी यंत्रासारखी उठत बसत राहिले. माझं एक सूत कमी आहे. माझं एक सूत कमी आहे. पाच वाजले.

दिवे लावले, पोती काढली. आण्णा दाराकडून सूत गोळा करायला लागले. इंचभर सूतही वाया घालवायचे नाहीत ते. उजव्या हाताच्या बोटांतून सूत सरकवत डाव्या हातावर गुंडाळत येत होते. आम्ही सगळे कोंडाळं करून पाणी पीत होतो.

"एकदाही नाही पडला खेळ!" विश्वजित म्हणाला. "मानलं सुरभे. दीडशेच्या वर पोरं आली असतील आज."

आण्णांची बोटं थांबली. त्यांनी सूत डोळ्यांजवळ नेलं.

"गाठ हाय इथं," ते म्हणाले.

"गिरणीतूनच आली असेल, आण्णा," विश्वजित म्हणाला.

आण्णांनी गाठीवरून अंगठा फिरवला. ज्यांचं सगळं आयुष्य सुतात गेलं त्यांना कुठली गाठ कुणाची हे सांगावं लागत नाही. शेडमध्ये अशी गाठ मारता येणारी दोनच माणसं होती, त्यातले एक ते स्वतः. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही.

"असंल," ते म्हणाले. "असंल गिरणीची." आणि पुन्हा गुंडाळायला लागले.

माझी सुटका झाली होती. मी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. गप्प बसले असते तर उद्याचा दिवस माझा होता, टॉवेल माझा, जिलेबी माझी, पुढची दहा वर्षं सुताची बाई माझी.

तेवढ्यात दारातून कुणीतरी म्हणालं, "दादा, चल की. आई बोलावतीया."

विश्वजितची बहीण होती, ईश्वरी. सहावीतली. कोपराला खरचटलं होतं, त्यावर हळद लावलेली. ती आत यायला तयार नव्हती, उंबऱ्याच्या बाहेरच उभी. त्या आवाजावरून मला कळलं, चार वाजताची ती मुलगी हीच.

"हे कोपराला काय झालं?" विश्वजितनं विचारलं.

"दादा, मी सूत तोडलं होतं," ती म्हणाली. "पण लाइट लागलीच नाही. मला नीट तोडता आलं नसणार."

"खुळी का काय तू! तुटलंच नाही आज. घाबरलीस आणि आता सांगतीस व्हय?"

"मी तोडलं होतं," ती पुन्हा म्हणाली, पण आता तिचा आवाज बारीक झाला होता, जसं काही तिलाच ते खरं वाटेनासं झालं होतं. "मला तोडायचं कळलं नसंल."

"तुटलं होतं," मी म्हटलं.

सगळे वळले.

"तिनं बरोबर तोडलं होतं. वजनाकडचं टोक माझ्या हातात राहिलं आणि मी गाठ मारली. तिच्या मुठीतून दुसरं टोक काढून घेतलं, म्हणजे हातही लावला. दोन्ही नियम मोडले."

विश्वजितनं कवटी खाली टाकली. "माझ्या बहिणीला? तूच नियम केलास आणि तूच? मग कशाला केलास गं नियम? शहाणपणा मिरवायला?"

"मागच्या वर्षी इथं माझी वेणी धरली होती," मी म्हटलं.

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, आफरीनलासुद्धा नाही. माझा आवाज आधीच्या वर्षांसारखा झाला होता, बाईंच्या टेबलापर्यंत न पोचणारा, म्हणून मी पुन्हा, मोठ्यानं म्हटलं. "त्या मागाजवळ. मागून कुणीतरी वेणी धरली आणि सोडेचना. मी सोड सोड म्हणत होते आणि भूत हसत होतं. बाहेर सगळे टाळ्या वाजवत होते. मी किती वेळ उभी होते मला माहीत नाही. घरी गेले आणि केस कापले."

ईश्वरी उंबऱ्यावरून एक पाऊल आत आली होती.

विश्वजित जमिनीकडे बघत होता.

"मला वाटलं तू मजेत ओरडतीयस," तो म्हणाला.

मला वर्षभर वाटत होतं, की ते कोण हे कळलं तर मी त्याला फाडून खाईन. कळलं, पण दुपारी चार वाजता मीही अगदी तेच केलं होतं.

"सॉरी," तो म्हणाला. मग बहिणीकडे बघून, "तुला पण. खुळी म्हटलो."

आण्णांनी सुताचा गुंडा खिशात घातला. "सुरभी, नियम काय लिहिलाय बाळ? वाच."

मी फळ्याकडे न बघताच म्हटलं, "त्या वर्षापुरता बाहेर. तिथल्या तिथं." आणि डोक्यावरचं, खांद्यांवरचं सूत काढून ढिगावर ठेवलं.

"आण्णा, तिनं स्वतः सांगितलंय की," एक पोरगा म्हणाला. "नाहीतर कळलं पण नसतं. एवढं सोडा."

"नको," मी म्हटलं. "सोडलं तर उद्यापासून तो नियमच राहणार नाही."

आण्णांनी पश्चिमेकडं, खिडकीतून येणाऱ्या उन्हाकडं बघितलं आणि जेवायला गेले. मी ईश्वरीजवळ गेले, तर ती दोन पावलं मागे सरली. म्हणून मी तिथंच थांबले. "तुला बरोबर तोडता आलं होतं," मी तिला सांगितलं. तिनं मान हलवली, पण मला दिसत होतं, तिचा विश्वास बसला नव्हता. बसेल कसा? दिवे लागलेले तिनं पाहिलेच नव्हते.

घरी आई भाकरी थापत होती. बाबा मागांची दुरुस्ती करतात, नुकतेच येऊन रॉकेलनं हातांचं काळं तेल काढत बसले होते. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून सगळं सांगितलं, मागच्या वर्षीचं आधी आणि आजचं नंतर. आईची भाकरी तव्यावर करपली.

"वर्षभर?" आई म्हणाली. "वर्षभर बोलली नाहीस?"

"आता बोलले की."

आईनं पिठाच्या हातानंच मला जवळ ओढलं. बाबा कितीतरी वेळ एकच बोट पुसत राहिले.

"उद्या आपण कुरुंदवाडला जाऊ, मामाकडं," ते शेवटी म्हणाले. "दोन दिवस राहून येऊ. इथं राहिलीस तर पोरं चिडवणार, सुताची बाई म्हणून बोटं दाखवणार. कशाला ऐकून घ्यायचं? पुढच्या वर्षी दहावी आहे, ते भूतबित सोड आता."

ते माझ्या भल्यासाठीच म्हणत होते, आणि एक वर्षापूर्वी मी पिशवी भरायला लागले असते. आता मी बारावीत आहे, आणि त्या शेडमध्ये गेल्या दिवाळीला सहातली चार भुतं मुली होत्या, त्यातली सगळ्यात भयानक नववीतली ईश्वरी घोरपडे. पण त्या संध्याकाळी मला यातलं काही माहीत नव्हतं. मला एवढंच माहीत होतं, की एक पोरगी आत्ता घरी बसून स्वतःच्या बोटांकडे बघत असेल.

"तुम्ही दोघं जाऊन या," मी म्हटलं. "मी उद्या शेडवर जाणार आहे."

"तुला काढलंय ना तिथनं?" आई म्हणाली.

"भुतांतनं काढलंय. दारात उभं राहायला कुठं बंदी आहे? मी बाहेर उभी राहणार, आणि आत जायच्या आधी प्रत्येक पोराला एकदा सूत तोडायला लावणार. सगळ्यांसमोर, उजेडात. आठही ट्यूब लागलेल्या त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी बघायच्या, आणि मगच आत. दीडशे पोरं आली तर दीडशे वेळा गाठ मारेन. आत्ता आण्णांचं जेवण झालं असेल, मी त्यांना सांगायला चाललेय. आणि तिथनं घोरपड्यांच्या घरी, कारण उद्या पहिलं सूत ईश्वरीनं तोडायचं आहे. ती नाही म्हणाली तर मी तिला आग्रह करणार नाही. पण विचारायला मीच जाणार."